ग्रंथालयांतील संगणक-सूची आणि शेतकरी

विहीर खणावयाची झाली म्हणजे आपण आधीं पाणाड्यास विचारतों, शेजारच्या विहिरीस कोणते थर लागले तें पाहतों, आणि मगच पहार हातीं घेतों. परंतु शेतीसंबंधीं एखादी गोष्ट ग्रंथांतून काढावयाची झाली, तर आपण ग्रंथालयाच्या दारांतूनच परत फिरतों. जिल्ह्याच्या गांवीं सार्वजनिक ग्रंथालय असतें, त्यांत शेतकीचीं पुस्तकें असतात, सरकारी अहवाल असतात, क्वचित् जुनीं गॅझेटियरें असतात. आणि तरीही आपल्या संघाचे कित्येक सभासद "तेथें आमच्या कामाचें कांहीं नाहीं" असें सांगतात. बहुतेक वेळां खरी गोष्ट अशी असते कीं, पुस्तक तेथें असतें, परंतु तें कोणत्या शब्दाखालीं नोंदलें आहे हें शोधणाऱ्यास ठाऊक नसतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण अशा वेळीं अक्षरशः खरी ठरते.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. रुमालांत बांधलेला कागद सहसा हरवत नाहीं. तो भलत्या सदराखालीं नोंदला गेलेला असतो, इतकेंच. ग्रंथालयाची गोष्टही निराळी नाहीं. मोठ्या ग्रंथालयांतून पत्रकांचे लाकडी खण जाऊन आतां संगणक आले आहेत, आणि पुष्कळ शेतकऱ्यांस तो पडदा पाहून संकोच वाटतो. ज्यांनीं महाभूलेखावरून स्वतःचा सातबारा काढला आहे, त्यांस हा संकोच बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं. यास्तव या सूचींतून आपल्या कामाचें पुस्तक कसें शोधावें, याची हकीकत येथें देतों.

१. सूची म्हणजे काय

ग्रंथालयांतील प्रत्येक ग्रंथास सूचींत एक नोंद असते. ती नोंद म्हणजे त्या ग्रंथाचा सातबाराच समजावा. तींत ग्रंथाचें शीर्षक, ग्रंथकर्त्याचें नांव, प्रकाशक, प्रकाशनाचें वर्ष, पृष्ठें, विषय, कपाटांतील जागा दाखविणारा बोधांक, आणि प्रत जागेवर आहे कीं कोणी नेली आहे, इतक्या गोष्टी लिहिलेल्या असतात.

गट नंबर ठाऊक असला म्हणजे सातबारा निघतो. त्याप्रमाणें शीर्षक ठाऊक असलें म्हणजे नेमका ग्रंथ निघतो. खातेदाराचें नांव ठाऊक असलें म्हणजे आठ-अ वरून त्याच्या सर्व जमिनी कळतात. त्याप्रमाणें ग्रंथकर्त्याच्या नांवावरून त्याचे सर्व ग्रंथ कळतात. आणि गांवांत ऊस कोणकोणत्या शेतांत आहे हें पाहण्यास जसा गांव नमुना बारा चाळावा लागतो, तसा एखाद्या गोष्टीवर कोणकोणते ग्रंथ आहेत हें पाहण्यास विषयाचें सदर चाळावें लागतें. शेतकऱ्यास बहुधा ना शीर्षक ठाऊक असतें ना ग्रंथकर्ता. त्यास फक्त आपली अडचण ठाऊक असते. म्हणून त्याचा मार्ग बहुतेक विषयाच्याच सदरांतून जातो, आणि तोच सर्वांत वांकडा आहे.

जुन्या खणांत एकेका ग्रंथासाठीं शीर्षकाचें, ग्रंथकर्त्याचें व विषयाचें अशीं निरनिराळीं पत्रकें अक्षरक्रमानें लावीत. पहिला शब्द चुकला कीं पत्रक सांपडत नसे. संगणकाच्या सूचींत नोंदींतील कोणताही शब्द धरून शोध करतां येतो, हा मोठा फरक. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयांत हेन्रिएट आव्रम या बाईंनीं १९६० नंतरच्या दशकांत ग्रंथाची नोंद यंत्रास वाचतां यावी अशी मांडणी सिद्ध केली, व तीच पुढें जगभर पसरली. आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयें 'कोहा' नांवाची प्रणाली वापरतात. ही न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठीं तयार होऊन २००० सालीं सुरू झाली आणि तेव्हांपासून सर्वांस फुकट मिळते. तेथील माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. सरकारी ग्रंथालयांतून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही आढळते. नांवें निराळीं असलीं तरी शोधण्याची रीत एकच आहे.

२. एक उदाहरण : बिघडलेली जमीन

उदाहरण एकच घेऊं, पण तें जिव्हाळ्याचें घेऊं. पाण्याखालच्या काळ्या जमिनी बिघडत चालल्याची तक्रार नीरा, कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं घरोघर ऐकूं येते. जेथें ऊस डोक्याच्या वर जात असे तेथें उन्हाळ्यांत पांढरा थर दिसूं लागतो, उगवण विरळ होते, आणि शेवटीं वडिलोपार्जित रान पड टाकावें लागतें. असा एखादा शेतकरी ग्रंथालयांत जाऊन शोधचौकटींत "जमीन" असा शब्द घालतो. समोर येतात ते जमीन महसुलाचे, कुळकायद्याचे व भूसंपादनाचे ग्रंथ. "जमीन खराब झाल्यास काय करावें" असें अख्खें वाक्य घातलें तर बहुधा कांहींच येत नाहीं. कारण सूचीस प्रश्न समजत नाहीं, ती केवळ शब्दास शब्द जुळवून पाहते. शेतकरी उठून जातो, आणि त्याची जमीन बिघडतच राहते.

आतां याच गोष्टीस किती नांवें आहेत तीं पाहा. क्षारपड, खारवट, चोपण हे मराठींतील शब्द. इंग्रजीत 'सलाइन सॉइल', 'सोडिक सॉइल', 'अल्कली सॉइल', 'सॉइल सॅलिनिटी' असे शब्द. जुने इंग्रज अंमलदार मात्र 'सॉल्ट लँड्स' असें लिहीत. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांची 'दि सॉल्ट लँड्स ऑफ दि नीरा व्हॅली' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. डॉ. मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपल. नीरेच्या खोऱ्यांत क्षारांनीं बिघडलेल्या जमिनींचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं छापून निघाला आहे, परंतु 'सॅलिनिटी' हा आजचा शब्द तिच्या शीर्षकांत नाहीं. जो आजच्याच शब्दानें शोधील त्याच्या हातीं ती पुस्तिका लागणें कठीण.

शब्दांचा हा भेद नुसता भाषेचा नाहीं, त्यांत पैसा आणि जमीन दोन्ही गुंतलीं आहेत. खारवट जमिनींत पाण्यांत विरघळणारे क्षार फार असतात. तिचा सामू ८.५ च्या खालीं असतो, पण विद्युत वाहकता दर मीटरास ४ डेसीसायमनहून अधिक भरते. तिला उपाय निचऱ्याचा : चर खणणें, जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालणें, व गोड्या पाण्यानें क्षार धुऊन काढणें. चोपण जमिनीची व्यथा निराळी. तेथें सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, व कणांस चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ हून अधिक असतें. तिला जिप्सम लागतें, धैंच्यासारखें हिरवळीचें खत लागतें, आणि निचराही लागतो. नुसत्या खारवट जमिनींत जिप्समाचीं पोतीं ओतलीं तर पैसा वायां जातो. उलटपक्षीं चोपण जमीन जिप्समावांचून नुसत्या पाण्यानें धुवावयास गेलें, तर ती अधिकच घट्ट बसते. कांहीं जमिनींत दोन्ही दोष एकत्र असतात. तेव्हां आधीं माती तपासून घ्यावी, अहवालांत कोणता शब्द आला तें पाहावें, आणि त्याच शब्दानें सूचींत शोध करावा. चुकीच्या शब्दानें चुकीचें पुस्तक येतें, व चुकीच्या पुस्तकानें चुकीचा उपाय.

यावरून शोधाची रीत अशी ठरते. संगणकासमोर बसण्यापूर्वीं कागदावर त्या वस्तूचीं सर्व नांवें लिहावीं : गांवचें नांव, पुस्तकी नांव, इंग्रजी नांव, आणि पीक किंवा कीड असल्यास तिचें शास्त्रीय नांव. शास्त्रीय नांव कोणत्याही भाषेच्या ग्रंथांत एकच असतें, म्हणून तें फार उपयोगी. तुरीस हिंदीत अरहर म्हणतात, इंग्रजीत 'रेड ग्राम' म्हणतात आणि 'पिजन पी' असेंही म्हणतात; परंतु 'कजानस कजान' हें नांव सर्वत्र तेंच. उसाच्या हुमणीचें 'होलोट्रिकिया सेर्राटा' हें नांवही तसेंच.

मग एका वेळीं एकच शब्द घालावा. पन्नास नोंदी आल्या तर दुसरा शब्द जोडावा. बहुतेक सूचींत दोन शब्द घातले म्हणजे दोन्ही असलेल्याच नोंदी येतात. दोहोंपैकीं कोणताही चालत असेल तर विस्तृत शोधाच्या पानावर 'किंवा' हा पर्याय निवडावा. शब्द एकमेकांस लागूनच यावयास हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावे. भाषा, वर्ष व शाखा यांच्या मर्यादा सर्वांत शेवटीं घालाव्या. आधींच घातल्या तर इंग्रजी पुस्तिका व जुने अहवाल आपोआप गळतात.

आणि एक चांगली नोंद सांपडली कीं तेथेंच थांबूं नये. ती उघडून तिच्या विषयाच्या ओळींत काय लिहिलें आहे तें पाहावें. त्या ओळीवर बोट ठेवलें कीं त्याच विषयाचे ग्रंथालयांतील बाकीचे ग्रंथ समोर येतात. सूची तयार करणारानें आपल्या अडचणीस कोणतें नांव दिलें आहे हें या ओळींतच कळतें. मराठी पुस्तकाच्या नोंदींतही विषय पुष्कळदां इंग्रजीत लिहिलेला असतो, हें ध्यानांत असूं द्यावें.

३. मराठी शब्दांचे अडथळे

इंग्रजी पुस्तकें शोधण्यांत न येणारी एक अडचण मराठींत येते. आपल्या भाषेंत विभक्ति लागतांच शब्दाचें रूप पालटतें. 'ऊस' हा शब्द घातला तर 'उसाची लागवड' हें शीर्षक सर्वच सूचींस सांपडेल असें नाहीं. कारण पहिल्यांत दीर्घ ऊ आहे व दुसऱ्यांत ऱ्हस्व उ. 'गहू' घातला तर 'गव्हाचें पीक' राहून जातें. 'कापूस' घातला तर 'कापसावरील कीड' राहून जाते. यावर उपाय म्हणजे शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढें तारांकन, म्हणजे फुलीसारखें चिन्ह, द्यावें. पुष्कळ सूचींत त्याचा अर्थ "यापुढें कांहींही चालेल" असा होतो. नमुन्यादाखल कांहीं रूपें देतों :

कांदा, कांद्याची : कांद*
आंबा, आंब्याचा : आंब*
हरभरा, हरभऱ्याची : हरभ*
गहू, गव्हाचें : गहू आणि गव्ह* असे दोन शोध
ऊस, उसाची : ऊस आणि उस* असे दोन शोध
कापूस, कापसाचें : कापूस आणि कापस* असे दोन शोध

शब्द फार आंखूड तोडूं नये. 'काप*' असें लिहिलें तर कापसाबरोबर कापड व कापणीही येतील.

दुसरा अडथळा लेखनाचा. १९६२ सालीं मान्य झालेल्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीं छापलेल्या ग्रंथाचें नांव कांहीं ग्रंथालयें जसेंच्या तसें नोंदतात, तर कांहीं नव्या वळणानें. आमच्या या मासिकांत जुनेंच वळण चालतें. परंतु या लेखांतील 'गांव' किंवा 'पुस्तकें' हे शब्द असेच्या असे शोधचौकटींत घातले तर नव्या वळणाच्या नोंदी सुटतील. म्हणून दोन्ही वळणांनीं शोधून पाहावें. 'कृषि' आणि 'कृषी' यांचेंही तसेंच; 'कृष*' असें लिहिलें तर दोन्ही येतात, मात्र त्यांबरोबर श्रीकृष्णाचीं चरित्रेंही येतात, तीं सोडून द्यावीं.

तिसरा अडथळा सर्वांत चमत्कारिक, आणि तो नेमका आपल्याच नांवांत आहे. 'शेतकऱ्यांचा' या शब्दांत चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे. संगणकास अक्षराचा आकार दिसत नाहीं. युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत, जी १९९१ पासून देवनागरीसह चालू आहे, प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो, व संगणक ते क्रमांक जुळवून पाहतो. हा अर्धा र दोन रीतींनीं टंकतां येतो. एका रीतींत त्यास स्वतंत्र ऱ असतो; दुसरींत साधा र घेऊन त्यापुढें डोळ्यांस न दिसणारी एक जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, परंतु क्रमांक निराळे पडतात. कित्येक टंकलेखकांस यांपैकीं एकही जमत नाहीं व ते रफार देऊन मोकळे होतात. मग तिसरेंच रूप तयार होतें. एका प्रकारानें नोंदलेलें पुस्तक दुसऱ्या प्रकारानें शोधलें असतां सूची "कांहीं सांपडलें नाहीं" असें निर्विकारपणें सांगते, आणि पुस्तक मात्र दहा पावलांवर कपाटांत असतें.

उपाय सोपा आहे. 'शेतक*' एवढेंच लिहावें. शेतकरी, शेतकऱ्यांचा, शेतकी हीं सर्व रूपें, मग तीं कशींही टंकलेलीं असोत, या एका जाळ्यांत येतात. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ग्रंथाचेंच उदाहरण पाहा. त्याच्या नांवांतील पहिल्या शब्दांत हा अर्धा र आहे, आणि दुसरा शब्द कोठें 'असूड' तर कोठें 'आसूड' असा छापलेला आढळतो. ग्रंथकर्त्याचें नांवही जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा अशा अनेक रूपांनीं नोंदलेलें असतें. 'शेतक* फुले' असा शोध केला म्हणजे यांतील एकही फांटा आड येत नाहीं.

जीं ग्रंथालयें मराठी ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत नोंदतात तेथें आणखी एक गोष्ट पाहावी. विद्वानांच्या रोमन लेखनांत अकारान्त शब्दाच्या शेवटीं 'ए' हें अक्षर लिहितात, म्हणजे 'असूड' हा शब्द वाचतांना 'असुडा' सारखा दिसतो. तेथेंही शब्दाचा आरंभ लिहून तारांकन देणें हेंच उत्तम.

४. माणसांचीं व गांवांचीं नांवें

ग्रंथकर्त्याचें आडनांव आधीं व नांव मागाहून, अशी सूचीची सामान्य रीत आहे. परंतु सरकारी अहवालांस ग्रंथकर्ता म्हणून माणूस नसतो, तें खातें किंवा तो आयोगच ग्रंथकर्ता असतो. लोकांच्या तोंडीं मात्र अध्यक्षाचें नांव असतें. 'स्वामिनाथन आयोग' हे शब्द प्रत्येक शेतकरी सभेंत निघतात. पण त्या आयोगाचें खरें नांव राष्ट्रीय शेतकरी आयोग, इंग्रजीत 'नॅशनल कमिशन ऑन फार्मर्स'. त्याचे पांच अहवाल डिसेंबर २००४ ते ऑक्टोबर २००६ या काळांत सादर झाले, व ते याच नांवाखालीं पाहावे लागतात. हमीभावावर बोलणाऱ्या प्रत्येकानें ते मुळांतून वाचावे अशी आमची सूचना आहे. १९२८ सालीं अहवाल देणारें लिनलिथगो कमिशन सूचींत 'रॉयल कमिशन ऑन अॅग्रिकल्चर इन इंडिया' म्हणून नोंदलेलें असतें. १९९९ सालचा चितळे आयोगाचा अहवाल महाराष्ट्र जल व सिंचन आयोग या नांवाखालीं पाहावा.

गांवांच्या व जिल्ह्यांच्या नांवांविषयीं विशेष सावध असावें. आपल्या भागांत सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं कोणतीं पिकें होत, पाटबंधारे कोठें होते, जमिनींचे प्रकार कोणते, हें पाहावयाचें झाल्यास मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांसारखें साधन नाहीं. परंतु तीं त्या काळच्या जिल्ह्यांप्रमाणें आहेत. धुळें व जळगांव येथील शेतकऱ्यानें 'खानदेश', १८८०, पाहावें. सांगली जिल्हा १९४९ सालीं प्रथम दक्षिण सातारा या नांवानें निघाला, म्हणून तेथील पुष्कळ माहिती 'सातारा', १८८५, या खंडांत आहे. सोलापूर १८८४ चें आणि पुणें १८८५ चें. तीं 'शोलापूर' व 'पूना' अशा इंग्रजी वळणानें नोंदलेलीं असतात. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्याचा १८८४ चा खंड अर्थातच 'अहमदनगर' या नांवाचा आहे. छत्रपति संभाजीनगर व धाराशिव येथील वाचकांनींही जुने ग्रंथ औरंगाबाद व उस्मानाबाद या नांवांनींच शोधावे. फेरफार झाला तरी जुना कागद जुन्याच नांवानें राहतो, हें महसुली दप्तराशीं संबंध आलेल्यांस सांगावयास नकोच.

५. बोधांक आणि कपाट

नोंद सांपडली म्हणजे तिचा बोधांक कागदावर उतरून घ्यावा. नुसतें शीर्षक घेऊन कपाटांकडे जाणें म्हणजे गट नंबरावांचून शिवारांत बांध शोधण्यासारखें आहे. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालीं काढलेली दशांश वर्गीकरणाची पद्धति आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणीं चालते. तींत शेतीस ६३० हा अंक आहे. शेतकऱ्याच्या उपयोगाचे अंक असे :

६३१.४ माती
६३१.५८७ ओलीत
६३१.६२ जमिनीचा निचरा
६३१.८ खतें
६३२ पिकांवरील रोग व कीड
६३३ शेतांतील पिकें (ऊस ६३३.६१)
६३४ फळबागा
६३५ भाजीपाला
६३६ गुरें, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या
६३७ दूधदुभतें
६३८ मधमाशा व रेशीम
३३४ सहकार

दशांशापुढील अंक एकेक करून वाचावे. ५८७ हे ६२ पेक्षां मोठे दिसतात, परंतु ६३१.५८७ चें पुस्तक ६३१.६२ च्या आधीं असतें, कारण पांच हे सहाच्या आधीं येतात. हव्या त्या पुस्तकापाशीं पोंचल्यावर त्याच्या डाव्या-उजव्या हातचीं पांचसात पुस्तकेंही चाळावीं. एका विषयाचे ग्रंथ शेजारींशेजारीं ठेवण्याचा हेतूच तो आहे. नोंदींत 'संदर्भ' असें लिहिलें असल्यास तें पुस्तक घरीं मिळत नाहीं, तेथेंच बसून वाचावें लागतें. कोणीं नेलेलें असल्यास आपलें नांव लावून ठेवतां येतें.

६. सूचींत जें नसतें

सूचींत मासिकाचें नांव असतें, पण त्यांतील एकेक लेखाची नोंद बहुधा नसते. कृषि खात्याच्या 'शेतकरी' मासिकांत हळदीवर लेख आला असला तरी 'हळद' हा शब्द घालून तो मिळेलच असें नाहीं. अंकांच्या अनुक्रमणिका चाळाव्या लागतात. तसेंच जुनीं पुस्तकें व खात्याच्या पातळ पुस्तिका कित्येक ठिकाणीं अजून दाखल नोंदवहींतच आहेत, संगणकांत चढल्या नाहींत. म्हणून सूचीनें नकार दिला तरी ग्रंथपालास विचारल्यावांचून उठूं नये. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविणें हें ग्रंथालयाचें कर्तव्य ठरविलें आहे. तेव्हां विचारण्यांत संकोच कसला?

आपल्या ग्रंथालयांत नसलें तर दुसरीकडे पाहावें. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांचीं ग्रंथालयें आपल्या विषयाचींच आहेत, व अशा विद्यापीठांतील प्रबंध 'कृषिकोश' या संचयांत मोबाइलवरूनही शोधतां येतात. १९५४ च्या कायद्यान्वयें प्रकाशकांस नव्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास पाठवावी लागते. तेव्हां एखादें मराठी पुस्तक खरोखर निघालें होतें कीं नाहीं, व त्याचें नेमकें नांव काय, हें ठरविण्यास त्या सूचीचा उपयोग होतो. नेमकें नांव व वर्ष हातीं आलें म्हणजे आपला ग्रंथपाल पुढची खटपट करूं शकतो.

७. संघानें करावयाचें काम

येथवर एकट्या शेतकऱ्यानें काय करावें तें सांगितलें. एक काम मात्र संघाच्या शाखांनीं मिळून करण्यासारखें आहे. सूची ज्या शब्दांनीं भरलेली आहे ते शब्द शहरांतले व विद्यापीठांतले आहेत. आपल्या शिवारांतले शब्द तींत नाहींत. प्रत्येक तालुक्याच्या शाखेनें आपल्या भागांत जमिनीच्या प्रकारांस, पिकांच्या रोगांस, किडींस व अवजारांस कोणते शब्द चालतात त्यांची यादी करावी, प्रत्येकापुढें पुस्तकी शब्द लिहावा, आणि ती ग्रंथपालास नेऊन द्यावी. नोंदींत असे शब्द वाढविणें संगणकावर अवघड नाहीं. मग 'चोपण' म्हणणाऱ्या शेतकऱ्यासही 'सोडिक' जमिनीचें पुस्तक मिळेल.

दुसरें, जुन्या पुस्तिका कपाटांत पडून असल्यास त्या संगणकांत चढवाव्या अशी लेखी मागणी करावी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालीं जीं ग्रंथालयें सरकारी अनुदान घेतात तीं आपल्याच पैशावर चालतात. ज्या पुस्तकास वर्षानुवर्षें कोणी हात लावीत नाहीं तें जागेच्या अडचणीपायीं एक दिवस रद्दींत जातें, आणि सूचींत ज्याची नोंद नाहीं त्यास हात तरी कोण लावणार? नीरेच्या खोऱ्यावरील ती पुस्तिका आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत आहे काय, हें पाहण्यापासूनच सभासदांनीं आरंभ करावा. सांपडल्यास तिचा बोधांक शाखेच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे ज्याच्या रानांत पांढरा थर दिसूं लागला आहे त्यास ती जमीन पड पडण्यापूर्वीं वाचावयास मिळेल.